मामांची साखर आणि तुझी पीएच.डी.

पत्र

ताई, मी निपाणीजवळच्या एका खेड्यातली. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग पीयूसी सायन्स, बी.एस्सी. आणि आता बेळगावात एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीचं दुसरं वर्ष. टिळकवाडीत आम्ही तिघी मैत्रिणी खोली घेऊन राहतो. मला कॅन्सर मेटाबोलिझमवर संशोधन करायचंय, म्हणजे कॅन्सरची पेशी खाते काय आणि त्याचं करते काय यावर. त्याला कारण माझे मामा. त्यांना तोंडाचा कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, पण दीड वर्षानं तो परत आला. आता घरीच गोळ्या चालू आहेत, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि जोडीला दुसऱ्या. मध्यंतरी कुणीतरी मोबाइलवर पाठवलं की साखर हे कॅन्सरचं खाद्य. तेव्हापासून मामांचा चहा बिनसाखरेचा, भात बंद, फळं बंद. मामा वाळत चाललेत. मामी मला म्हणाली, "तू एवढं शिकतीस, खरं काय ते सांग की." मला वॉरबर्ग इफेक्ट पाठ आहे, पण मामीला काय सांगावं ते सुचेना. वडील म्हणतात, "आणि किती वर्षं शिकणार? सहा वर्षं घालवून हातात काय येतंय? बी.एड. कर, नाहीतर औषधाच्या कंपनीत क्वालिटीला लाग." त्यातून इंग्रजीत बोलायचं म्हटलं की माझी बोबडी वळते. मी पीएच.डी.ला जाऊ का? मामांचं औषध शोधायला मी पुरी पडेन का?

उत्तर

आधी मामांचं बघू. तुझी पीएच.डी. चार महिने थांबली तरी बिघडत नाही, त्यांचं जेवण थांबलं तर बिघडतं.

मोबाइलवर आलेला तो निरोप निव्वळ थाप असता तर सोपं होतं. त्यात अर्धं खरं आहे, म्हणूनच तो घरोघरी टिकलाय. 1920च्या दशकात बर्लिनमध्ये ओटो वॉरबर्ग यांनी गाठींच्या पातळ चकत्या घेऊन त्या किती ऑक्सिजन घेतात आणि किती आम्ल सोडतात हे मोजलं. निरोगी पेशीला ऑक्सिजन मिळाला की ती ग्लुकोज पूर्ण जाळते. गाठीतल्या पेशी भरपूर ऑक्सिजन असूनही ग्लुकोज अर्धवट मोडून त्याचं लॅक्टिक आम्ल करून टाकत होत्या. हाच तुझा पाठ असलेला वॉरबर्ग इफेक्ट. पूर्ण जाळलं तर एका ग्लुकोजमधून तीसेक एटीपी, म्हणजे पेशीच्या ऊर्जेची नाणी, मिळतात, अर्धवट मोडलं तर दोन. हा तोट्याचा धंदा कॅन्सरची पेशी का करते? आज बऱ्याच अंशी पटलेलं उत्तर असं, की तिला वाढायचं असतं, आणि वाढायला नुसती ऊर्जा पुरत नाही. रानातून आणलेली सगळी लाकडं चुलीत घातली तर घराला वासे कुठून आणणार? ग्लुकोजचा कार्बन राखून ती त्यातून नव्या पेशीचा डीएनए, चरबी, प्रथिनं यांची सामग्री जमवते.

ग्लुकोजची ही हाव डॉक्टरांच्या कामालाही येते. पेट स्कॅनला नेतात तेव्हा किरणोत्सर्गी फ्लोरीन जोडलेलं ग्लुकोज टोचतात. गाठ ते ओढून घेते आणि पडद्यावर उजळून दिसते. मामांचा स्कॅन झाला असेल तर मामीनं ते चित्र पाहिलंही असेल. आता असं चित्र पाहिल्यावर कुणालाही वाटणारच की साखर बंद केली म्हणजे गाठ उपाशी मरेल.

फसगत इथे होते. तोंडात घातलेली साखर थेट गाठीत जात नाही. रक्तातलं ग्लुकोज ठरावीक पातळीवर ठेवणं हे यकृताचं काम. बाहेरून आलं नाही तर यकृत ते स्वतः तयार करतं, आणि त्यासाठी कच्चा माल म्हणून अंगातले स्नायू मोडतात. गाठीला तिचा वाटा मिळत राहतो, मामांच्या दंडाचं मांस तेवढं उतरतं. शिवाय गाठ एकट्या साखरेवर जगत नाही. ग्लुटामाइन हे अमिनो आम्ल आहे, चरबी आहे, जे मिळेल ते ती घेते. तोंडाच्या कॅन्सरमध्ये आधीच चावायला-गिळायला त्रास, त्यात वजन उतरलं की औषधोपचार सोसण्याची ताकदही जाते.

तेव्हा मामीला सांगायचं ते एवढंच: मामी, चहात साखर घाल. मऊ भात, वरण, दूध, अंडं, पेज, जे गिळता येईल ते पोटभर दे. आपल्याकडचा गोड कुंदा मागितला तरी चमचाभर दे. मामांना मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी, ते डॉक्टरांना विचारून ठरवा. आणि पुढच्या खेपेला दवाखान्यात जाल तेव्हा वजन किती उतरलंय ते तुम्ही होऊन सांगा. डॉक्टर घाईत असतात, विचारतीलच असं नाही.

आणखी एक, हे मात्र आजच्या आज बघ. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा म्हणजे एकदाच. चुकून ती रोज घेतली गेली तर जिवावर बेततं, आणि ही चूक सगळ्या जगात होते, शिकलेल्यांच्या घरीसुद्धा. वार ठरवून कॅलेंडरवर खूण करायची आणि ते पाकीट बाकीच्या गोळ्यांपासून वेगळं ठेवायचं. अंगदुखीची गोळी, व्हिटॅमिनची बाटली, 'ताकदीचं' म्हणून कुणी दिलेलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. फॉलिक अॅसिडसुद्धा आपल्या मनानं नको. ते का नको हे तुला ठाऊक आहे, आणि इथूनच मी तुझ्या प्रश्नाकडे येते.

मामांचं औषध शोधायला मी पुरी पडेन का, असं तू विचारतेस. मामा जी गोळी घेतात ती कुणी शोधली ते बघ.

1928 साली लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक विचित्र पंडुरोग व्हायचा, रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येनं कमी आणि आकारानं मोठ्या. या बायका काय खातात, यापासून तिनं सुरुवात केली. यीस्टचा अर्क दिला की त्या सुधारतात हे तिच्या लक्षात आलं आणि 1931 मध्ये तिनं ते छापलं. अर्कातला तो गुणकारी पदार्थ म्हणजे पुढे ज्याला फॉलिक अॅसिड नाव मिळालं तो. कॅन्सर तिच्या डोक्यातही नव्हता.

दुसरे यल्लाप्रगडा सुब्बाराव. आंध्रातल्या भीमावरमचे, जन्म 1895, मद्रासला वैद्यक शिकून अमेरिकेला हार्वर्ड विद्यापीठात गेले. तू प्रॅक्टिकलला फॉस्फरसचं प्रमाण काढलंस ना, मॉलिब्डेट घालून निळा रंग आणायचा आणि कलरीमीटरवर मोजायचा? फिस्क-सुब्बाराव पद्धत, 1925. त्यातले सुब्बाराव ते हेच. रक्तातला फॉस्फरस नीट मोजता यावा एवढ्यासाठी काढलेली पद्धत. तिच्यामुळे स्नायूंतलं फॉस्फोक्रिएटिन सापडलं. हार्वर्डनं त्यांना कायम केलं नाही, तेव्हा ते लेडर्ली या औषध कंपनीत गेले आणि तिथे त्यांच्या गटानं फॉलिक अॅसिड कृत्रिमरीत्या तयार केलं.

तिसरे बोस्टनचे सिडनी फार्बर, मुलांच्या रोगांचे पॅथॉलॉजिस्ट. ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, झालेल्या मुलांना फॉलिक अॅसिड दिलं की रोग जास्तच भडकतो असं त्यांना दिसलं. मग उलट केलं तर? सुब्बारावांच्या प्रयोगशाळेनं फॉलिक अॅसिडसारखे दिसणारे पण त्याची वाट अडवणारे रेणू बनवून दिले. त्यातल्या अॅमिनोप्टेरिननं 1948 मध्ये फार्बर यांच्या 16 मुलांपैकी 10 मुलांचा रोग काही काळ मागे हटला. सुब्बाराव त्याच वर्षी वारले. अॅमिनोप्टेरिनचं भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट. पेशीला डीएनएची सामग्री जुळवायला फॉलेट, म्हणजे फॉलिक अॅसिडच्या जातीचं जीवनसत्त्व, लागतं, ते कामाला लावणारं एन्झाइम ही गोळी बंद पाडते. म्हणजे बघ, मेटाबोलिझमवर घाव घालणारं हे औषध 'कॅन्सर मेटाबोलिझम' ही फॅशन येण्याच्या कितीतरी आधीचं.

आणि गोष्ट तिथे संपली नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी, परत आलेल्या आणि ऑपरेशनच्या पलीकडे गेलेल्या डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये, कमी मात्रेतलं मेथोट्रेक्सेट आठवड्याला आणि सेलेकॉक्सिब ही सूज-वेदना कमी करणारी गोळी रोज, असं तोंडावाटे देऊन पाहिलं. शिरेतून देतात त्या सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाशी तुलना केली. 2020 मध्ये निकाल छापला: गोळ्या घेणाऱ्यांपैकी निम्मे रुग्ण साडेसात महिन्यांच्या पुढे जगले, सिस्प्लॅटिनवाल्यांत हाच आकडा सहाच्या आसपास. गोळ्यांचा त्रास कमी, आणि खर्च शेतमजुराला परवडेल इतका. आकडे फार मोठे नाहीत, ते मी तुझ्यापासून लपवत नाही. तुझ्या मामांच्या चिठ्ठीवर बहुधा हीच जोडी लिहिलेली आहे.

या साखळीत निपाणीच्या मामांना डोळ्यांसमोर ठेवून कुणीही बसलं नव्हतं. एकीला गिरणीतल्या बायकांचं रक्त समजून घ्यायचं होतं, एकाला फॉस्फरस अचूक मोजायचा होता. म्हणून तुला माझं स्पष्ट उत्तर असं: संशोधनात जा, पण मामांचं औषध शोधायला म्हणून जाऊ नकोस. ती आस घेऊन आलेली मुलं मी कल्चर रूममध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या खोलीत, पाहिली आहेत. दुसऱ्या वर्षी त्यांच्या लक्षात येतं की आपला सगळा प्रबंध एका एन्झाइमच्या एका टोकावर आहे आणि माणूस त्यात कुठेच नाही. मग ती आतून विझतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे आकडे हवे तसे दिसायला लागतात. पेशी हे असं का करते, हा प्रश्न तुला मामा नसते तरी पडला असता का, ते स्वतःला विचार. उत्तर 'हो' असेल तर तुझं काम होईल.

'हो' की 'नाही' हे खोलीत बसून कळत नाही. ते फ्लास्कसमोर कळतं, म्हणून ते काम नेमकं कसं असतं ते सांगते. पेशी वाढवायच्या द्रवात, म्हणजे मीडियममध्ये, फिनॉल रेड नावाचा रंग असतो. ताजं मीडियम लालसर गुलाबी. कॅन्सरच्या पेशी घातलेला फ्लास्क 37 अंशांवर इन्क्युबेटरमध्ये ठेवला आणि दोन-तीन दिवसांनी दार उघडलं की रंग आधी नारिंगी, मग पिवळा झालेला. आम्ल वाढलं, त्यातलं बरंचसं लॅक्टिक. वॉरबर्गनं जे मोजलं ते तू विनाउपकरण, नुसत्या डोळ्यांनी पाहतेस. पहिल्यांदा तो पिवळा रंग बघून काही मुलं "मीडियम बदलायचं राहिलं" म्हणून फ्लास्क हूडखाली, म्हणजे जंतू शिरू न देणाऱ्या कपाटात, घेतात आणि कामाला लागतात. तेही बरोबरच आहे. पण एखादी दोन मिनिटं थांबते, शेजारचा निरोगी पेशींचा फ्लास्क उजेडाला धरते, तो अजून नारिंगीच का ते विचारते, आणि मग दोन्हींतल्या पेशी मोजायला घेते, कारण जास्त पेशी असल्या तर आम्लही जास्तच होणार. या दुसऱ्या मुलीला मी पीएच.डी.ला घेईन.

फ्लास्क पिवळा आणि वर गढूळ असेल तर मात्र जीवाणू शिरलेत, ओतून टाकायचा. हे तरी दिसतं. मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जीवाणू शिरला तर डोळ्यांना काहीच दिसत नाही, मीडियम काचेसारखं स्वच्छ राहतं, आणि तो गुपचूप पेशींच्या वाट्याचं खात असतो. मेटाबोलिझमच्या अभ्यासात म्हणजे सगळंच मुसळ केरात. म्हणून ठरावीक काळानं पीसीआर, म्हणजे त्याचा डीएनए शोधणारी चाचणी, करून तपासत राहायचं. आणि आपल्या पेशी खरंच आपल्या आहेत ना, हेही तपासायचं. 1951 मध्ये हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या गाठीतून वाढवलेल्या हेला पेशी इतक्या चिवट, की जगभरच्या प्रयोगशाळांत त्या दुसऱ्यांच्या फ्लास्कमध्ये शिरून बसल्या आणि लोक वर्षानुवर्षं भलत्याच पेशींवर निबंध लिहीत राहिले. लेबलवर विश्वास ठेवायचा नाही, डीएनएची तपासणी करून घ्यायची. आपल्याकडे पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात पेशींचं भांडार आहे, तिथून आणल्या तर त्या कुठून आल्या याचा माग तरी राहतो.

मेटाबोलिझममध्ये यावर आणखी एक कटकट. पेशीतले काही रेणू सेकंदांत बदलतात. तू मीडियम ओतून, धुऊन, नळी शोधेपर्यंत एटीपीचं प्रमाण भलतंच झालेलं असतं. म्हणून सगळं आधी मांडून ठेवायचं, मीडियम काढलं की क्षणात बर्फासारखं थंड मेथॅनॉल ओतायचं आणि पेशी आहे तिथे गोठवायची. जड कार्बनचं ग्लुकोज देऊन तो कार्बन पुढे कुठे कुठे गेला ते मास स्पेक्ट्रोमीटर या रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्रावर शोधायचं. रात्री अकराला वीज गेली, जनरेटर सुरू व्हायला वेळ लागला की महिन्याचं काम गेलं. हे वाचून तुला कंटाळा आला असेल तर बी.एड. कर, त्यात काही कमीपणा नाही. सीमाभागातल्या शाळांना विज्ञान शिकवणाऱ्या चांगल्या शिक्षिका हव्याच आहेत. पण एटीपी मोजण्याआधी पेशी किती ते मोजून घेतलं होतं का, असं वाचतानाच तुझ्या मनात आलं असेल तर पुढे वाच.

वॉरबर्गबद्दल एक राहिलं. त्यांना 1931 चं नोबेल मिळालं ते श्वसनाच्या एन्झाइमवरच्या कामासाठी. माणूस प्रचंड हुशार, मोजमाप अचूक. पण त्यातून त्यांनी निष्कर्ष काढला की पेशीचं श्वसन बिघडतं म्हणूनच कॅन्सर होतो, आणि 1956 मध्येही ते तसंच ठासून लिहीत होते. पुढे दिसलं की बहुतेक कॅन्सरच्या पेशींतली मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे श्वसन जिथे चालतं ती केंद्रं, ठणठणीत असतात. मोजलेलं खरं, लावलेला अर्थ चुकीचा. तुझ्या सरांचं नाव कितीही मोठं असो, आकडे आणि अर्थ वेगवेगळ्या पानांवर लिहायची सवय लाव.

नव्या काळातलं एकच उदाहरण देते. 2008 मध्ये मेंदूच्या गाठींची जनुकं वाचताना आयडीएच-1 या साध्या, पाठ्यपुस्तकातल्या मेटाबोलिझमच्या जनुकात बदल सापडला. वर्षभरात कळलं की बदललेलं एन्झाइम आपलं काम सोडून भलताच पदार्थ बनवतं; त्यामुळे पेशी धड वयात येत नाही हे पुढे दिसलं. 2018 मध्ये ते एन्झाइम अडवणाऱ्या आयव्होसिडेनिब या गोळीला अमेरिकेत एका प्रकारच्या ल्युकेमियासाठी परवानगी मिळाली. 10 वर्षं. आणि आमच्या क्षेत्रात याला झपाट्यानं म्हणतात.

आता वडिलांकडे वळू, कारण त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. घरात आजारपण, औषधाला पैसा, आणि मुलगी म्हणते अजून सहा वर्षं. त्यांना 'विज्ञानाची सेवा' वगैरे सांगत बसू नकोस, आकडे सांग. सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची कनिष्ठ फेलोशिप, मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये, दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ फेलो, झालीस की 42,000, वर घरभाडं. म्हणजे पीएच.डी. म्हणजे वडिलांवर बोजा नव्हे, बेताचा का होईना पगार आहे. औषध कंपनीत क्वालिटीला पहिल्या दिवशी किती देतात ते चौकशी करून शेजारी लिही आणि दोन्ही त्यांच्यापुढे ठेव. पण हेही लपवू नकोस की फेलोशिपचे पैसे बऱ्याचदा रखडतात, चार-पाच महिन्यांचे एकदम जमा होतात. पहिल्या वर्षात गाठीशी थोडे पैसे असावे लागतात. आणि पीएच.डी.नंतर स्वतःची प्रयोगशाळा हवी असेल तर पोस्टडॉकची, म्हणजे दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत संशोधन करण्याची, आणखी काही वर्षं. तू पस्तिशीच्या आसपास पोचशील, आणि जागा थोड्या आहेत. सगळ्यांना मिळत नाही. ज्यांना मिळत नाही ती माणसं बेंगळुरू-पुण्याच्या बायोटेक कंपन्यांत, रुग्णालयांच्या तपासणी प्रयोगशाळांत, कॉलेजांत जातात आणि बरी असतात. लग्नाचा विषय तू पत्रात काढला नाहीस, पण तो घरात निघणार. त्यावर मी एवढंच म्हणेन, की पीएच.डी. अर्धी झालेली मुलगी स्थळ बघायला अडत नाही, स्थळाला तिचं काम अडतं का ते आधी बघ.

जेआरएफ न मिळाली तर विनाफेलोशिप पीएच.डी.ला बसू नकोस. हे मी आग्रहानं सांगते. तुझ्या घरची परिस्थिती बघता ते निभणार नाही.

थेट पीएच.डी.लाही जाऊ नकोस. एम.एस्सी. झाल्यावर एक वर्ष कुठल्या तरी चांगल्या प्रयोगशाळेत प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून काम कर. पैसे मिळतात, पेशी वाढवायला हात बसतो, आणि हे आपल्याला झेपतं का ते कळतं. बेळगावातच पारंपरिक औषधांवर काम करणारी आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, राष्ट्रीय संस्था आहे, मेडिकल कॉलेजांच्या संशोधन प्रयोगशाळा आहेत. तिथे आधी चौकशी कर, खोली बदलायची गरज नाही. पुढच्यासाठी मोठ्या संशोधन संस्था म्हणजे पुण्यात पेशी विज्ञान केंद्र आणि आयसर, खारघरला टाटाचं अॅक्ट्रेक, बेंगळुरूला भारतीय विज्ञान संस्था आणि एनसीबीएस, हैदराबादला सीसीएमबी. रात्री राणी चन्नम्मात बसलीस की सकाळी बेंगळुरू, आणि पुणे तर निपाणीहून हायवेनं सरळ. आपण सीमेवरची माणसं दोन्हीकडून लांब असल्याचं रडगाणं गातो, पण या बाबतीत दोन्हीकडून जवळ आहोत.

विषय हवा तसाच मिळाला पाहिजे असा हट्ट नको. कॅन्सर संशोधक कमल रणदिवे पुण्याच्या, जन्म 1917. एम.एस्सी.ला त्यांनी सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या गुणसूत्रांवर काम केलं. मग मुंबईत पॅथॉलॉजिस्ट खानोलकरांच्या हाताखाली कॅन्सरवर पीएच.डी., 1949 साली. नंतर बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या, हेला पेशी वाढवणारे ते हेच, आणि तिथलं तंत्र शिकून परत येऊन मुंबईत ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. 1982 मध्ये पद्मभूषण. सीताफळापासून इथवर. तुला पहिल्या वर्षी यीस्टवर काम करायला सांगितलं तर नाक मुरडू नकोस, ग्लुकोज मोडायची तीच वाट तिथे स्वच्छ दिसते.

गाइड निवडताना त्यांचे निबंध बघशीलच, पण त्यांच्या मुलांना भेट. तेही प्रयोगशाळेत नको, बाहेर चहाच्या टपरीवर. आधीच्या मुलांना किती वर्षं लागली, मधेच किती जण सोडून गेले, निबंधावर नाव कुणाचं पहिलं येतं, आकडे मनासारखे नाही आले तर सर काय म्हणतात? या शेवटच्या प्रश्नाला मुलं एकमेकांकडे बघायला लागली तर तिथे अर्ज करू नकोस, मग भिंतीवर कितीही मोठ्या मासिकांची कव्हरं लावलेली असोत.

राहिली इंग्रजी. सेमिनारला अडखळलीस म्हणून तुझं विज्ञान कच्चं ठरत नाही. मराठी शाळेतून आलेल्या मुलांची अडचण बहुतेकदा शब्दांची नसते, आधी मनात वाक्य पूर्ण जुळवून मग बोलायचं या सवयीची असते. आठवड्याला एक शोधनिबंध घे, त्यातली एकच आकृती मैत्रिणीला इंग्रजीत समजावून सांग, तुटकं बोललीस तरी चालेल. प्रयोगाची वही पहिल्या दिवसापासून इंग्रजीत लिही. वर्षभरात फरक दिसेल. आणि तुझ्याकडे जे आहे ते बेंगळुरूच्या कॉन्व्हेंटमधल्या मुलीकडे नाही. गाठीच्या नमुन्यांवर काम करायचं म्हणजे रुग्णाची लेखी संमती घ्यावी लागते. हेन्रिएटा लॅक्सना कुणी विचारलंच नव्हतं, आता तसं चालत नाही. गोकाकहून आलेल्या आजीला कन्नडमध्ये आणि खानापूरहून आलेल्या आजोबांना मराठीत, अंगठा उठवण्याआधी नीट समजेल असं सांगणारं माणूस संशोधकांना शोधून सापडत नाही. मुलाखतीत हे आपणहून सांग, लाजू नकोस.

सीमाभागात वाढलेल्यांना कुठलाही फॉर्म दिसला की रहिवासी दाखल्याची धास्ती वाटते. नेट केंद्राची परीक्षा आहे, तू महाराष्ट्राची की कर्नाटकची याच्याशी तिला देणं-घेणं नाही. इतर मागासवर्गातून भरणार असशील तर दाखला मात्र केंद्राच्या नमुन्यातला लागतो, राज्याचा चालत नाही, आणि तो तहसीलदार कचेरीतून यायला वेळ लागतो. आताच अर्ज देऊन ठेव. वडिलांना एकदा पुण्याला बरोबर घेऊन जा, एखाद्या संस्थेचा ओपन डे असेल तेव्हा. हूडखाली काम करणारी मुलगी बघितली की त्यांचे प्रश्न बदलतील, आणि तेही विचारू देत. नेटचा फॉर्म शेवटच्या दिवसावर टाकू नकोस, त्या दिवशी साइट उघडत नाही.